घरी हलकं व्हेज मंच्युरियन कसं करावं? (बजेट १२००, एअर फ्रायर नको)

कोपऱ्यावरची | शुक्रवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी लागते. दर शुक्रवारी तिथलं मंच्युरियन ग्रेव्ही आणि फ्राइड राइस घरी येतो, गेली सहा-सात वर्षं. बाबा (वय ७१) आमच्याकडेच असतात. मागच्या महिन्यात त्यांची बीपीची गोळी वाढली, डॉक्टर म्हणाले बाहेरचं जरा आवरा. बाबांनी वडापाव सोडला, पापड सोडला, लोणचंसुद्धा सोडलं. मंच्युरियनचा विषय काढला की मात्र त्यांना ऐकू कमी येतं.

तर घरीच हलकं करायचंय. माणसं चार. गॅसवरच करणार. बिडाचं आप्पेपात्र घरात आहे. एअर फ्रायर आणि ओव्हन नाहीत आणि घ्यायचेही नाहीत, ओट्यावर जागा नाही. एखादी कढई घ्यावी लागली तर १२०० पर्यंत. मुलगा मश्रूम खात नाही.

दोनदा करून झालंय. पहिल्या वेळी गोळे तेलात फुटले, कढईत कोबीचा चिवडा. दुसऱ्या वेळी वाफवून केले. बाबा खाऊन म्हणाले, "भाजी छान झालीय. मंच्युरियन केव्हा येणार?"

खमंग_काकू | शुक्रवार, रात्री ९:५२
एअर फ्रायर घ्या. डोळे झाकून घ्या. आम्ही दिवाळीच्या सेलमध्ये ८,९०० ला घेतला, साडेचार लिटरचा. मंच्युरियन, समोसे, करंज्या, परवा तर वांगं भाजलं. १८० वर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे. तेल म्हणाल तर ब्रशने लावलं तेवढंच. ह्यांचं वजन चार किलो उतरलं (चालायलाही जातात म्हणा).

कोपऱ्यावरची | शुक्रवार, रात्री ९:५८
काकू, ओट्यावर खरंच जागा नाही हो.

खमंग_काकू | शुक्रवार, रात्री १०:०१
मिक्सर खाली ठेवा.

शेवटची_लोकल | शुक्रवार, रात्री १०:१५
गोळे फुटले ते कोबीच्या पाण्यामुळे. माझा मामेभाऊ कल्याणला चार वर्षं गाडी लावायचा, त्याच्या हाताखाली मी दोन उन्हाळे कोबी चिरलाय. किसायचा नाही, सुरीने बारीक चिरायचा. पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि फडक्यात घालून सगळा जोर लावून पिळायचा. पाण्यासकट मळलं की पीठ मागत राहतं. तुम्ही मैदा घालत जाता आणि शेवटी मैद्याची भजी होतात. नीट पिळलेल्या दोन वाट्या कोबीला, किसलेल्या अर्ध्या गाजरासकट, दोन मोठे चमचे मैदा आणि दोन कॉर्नफ्लोर पुरतं. मळल्यावर थांबायचं नाही, लगेच गोळे करून लगेच शिजवायचे. ठेवलंत की परत पाणी सुटतं.

पाटा_वरवंटा | शुक्रवार, रात्री १०:४०
ताई, बिडाची जाड कढई घ्या. मी ३,४०० ला घेतली, साडेतीन किलोची. आजीच्या काळची असते तशी, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. नॉनस्टिकला मोठ्या आचेवर तापवायचं नसतं आणि चायनीज तर मोठ्या आचेवरच होतं, म्हणजे नॉनस्टिक बादच. तेल चढवून नीट पकवली की दोन चमचे तेलातही चिकटत नाही.

काटेकोर | शुक्रवार, रात्री १०:४४
त्यांनी १२०० लिहिलंय.

पाटा_वरवंटा | शुक्रवार, रात्री १०:४७
एकदाच तर घ्यायची असते.

काटेकोर | शुक्रवार, रात्री १०:५५
धागा निघालाच आहे म्हणून सांगतो, हा पदार्थ चिनी नाही. मांचुरियात जाऊन मागितलंत तर कुणी ओळखणार नाही. मूळचं चिकन मंच्युरियन १९७५ साली मुंबईत जन्मलं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. कोलकात्याहून आलेले नेल्सन वांग तिथे स्वयंपाक करायचे. एका गिऱ्हाइकाने नवीन काहीतरी मागितलं, तर त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर घातलं. कोबी-फ्लॉवरचे अवतार नंतरचे. म्हणजे आपलं मंच्युरियन चर्चगेटचं. ‘अस्सल’ चव कशी आणायची, या प्रश्नाला तसा अर्थ नाही.

कोपऱ्यावरची | शुक्रवार, रात्री ११:०२
मी अस्सल कुठे म्हटलं? कोपऱ्यावरच्या गाडीसारखी चव हवी आहे.

जर्सीकर | शनिवार, पहाटे ४:२०
इकडेही तेच. जनरल त्सोज चिकन म्हणून एक गोडसर तळलेला प्रकार गल्लोगल्ली मिळतो. तो काढणारे आचारी हुनानचे, त्यांनी पहिल्यांदा तो केला तैवानमध्ये, आणि अमेरिकेत येऊन त्यात साखर पडली. मी घरी टोफूचा करतो, ओव्हनमध्ये. पोरं खातात. बायको म्हणते बाहेरूनच मागव.

म्हापशेकर | शनिवार, सकाळी ७:३०
आमच्याकडे जत्रा-फेस्तांना गोबी मंच्युरियनचे स्टॉल नसले तर लोकांना चुकल्यासारखं होतं. २०२४ मध्ये म्हापशाच्या नगरपालिकेने या स्टॉलांवर बंदीच घातली होती. कारण दिलं रंगाचं आणि अस्वच्छतेचं. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानेही गोबीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. तेव्हा घरी करताय ते बरंच. लाल रंगाची पुडी अजिबात आणू नका, काश्मिरी मिरचीची पूड घाला. बोटं लाल होत नाहीत, हीच खूण.

पोटोबा | शनिवार, सकाळी ८:०५
रंग सोडा, खरं विष अजिनोमोटो. गाडीवाले मुठीने टाकतात. मी एकदा खाल्लं, रात्रभर डोकं धरून बसलो.

तिखटजाळ | शनिवार, सकाळी ८:३१
पोटोबा, बरोबर काय काय होतं तेही लिहा.

पोटोबा | शनिवार, सकाळी ८:३४
त्याचा इथे संबंध नाही.

खमंग_काकू | शनिवार, सकाळी ८:५०
अजिनोमोटो वाईटच. एअर फ्रायरमध्ये ते घालावंही लागत नाही.

तिखटजाळ | शनिवार, सकाळी ९:२०
काकू, एअर फ्रायरचा आणि त्याचा काय संबंध? असो.

कालपासून सगळे तेलावर बोलताहेत. मूळ पोस्ट परत वाचा, बाबांना बीपी आहे. मी आहाराचं काम करते म्हणून सांगते, बीपीसाठी कढईआधी बाटल्या बघायच्या. एका मोठ्या चमचाभर (१५ मिली) साध्या सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० च्या आत राहा म्हणते, म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ. आता आपण मंच्युरियन करतो कसं? सोया सॉस तीन चमचे, वर चिली सॉस, वर केचप, आणि शेवटी सवयीने ‘चवीपुरतं मीठ’. कोबीला लावलेलं वेगळंच. गोळे वाफवा नाहीतर गंगाजलात उकळा, मीठ तेवढंच राहतं.

अजिनोमोटोतही सोडियम आहे, पण वजनाला सुमारे १२ टक्के. साध्या मिठात ३९. म्हणजे मीठ कमी करून चिमूटभर अजिनोमोटो घातलं तर हिशोब उलट सुधारतो. पोटोबांनी रागावू नये.

पोटोबा | शनिवार, सकाळी ९:२८
कंपन्यांचा प्रचार.

कोपऱ्यावरची | शनिवार, सकाळी ९:४१
तिखटजाळताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी सोया सॉस अंदाजाने बाटलीतूनच ओतते. कमी सोडियमवालं मीठ आणि सॉस मिळतं ते चालेल का?

तिखटजाळ | शनिवार, सकाळी १०:०५
कमी सोडियमवाला सोया सॉस चालेल, पण तोही खारटच असतो, मोजूनच घाला. ते मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगात साठू शकतं. गोळीचं नाव इथे लिहू नका, डॉक्टरांनाच विचारा.

ग्रेव्ही चौघांसाठी: एक चमचा तेल, दहा-बारा लसूण पाकळ्या बारीक चिरून (पेस्ट नको), तेवढंच आलं, दोन हिरव्या मिरच्या, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, थोडी सिमला मिरची. सोया सॉस एकच मोठा चमचा. आंबटपणा वाढवला की मीठ कमी असल्याचं जिभेला कळत नाही, म्हणून व्हिनेगर दोन छोटे चमचे, तेही गॅस बंद केल्यावर. वरून भरपूर मिरपूड. केचप नको, त्याऐवजी एक टोमॅटो उकडून गाळून घ्या. मीठ अजिबात नाही.

शेवटची_लोकल | शनिवार, दुपारी १:१०
लसूण चिरून घालायचा, अनुमोदन. भाऊ म्हणायचा, गिऱ्हाईक येतं लसणाच्या वासावर, मंच्युरियन नुसतं निमित्त. शिवाय गाडीची भट्टी घरच्या गॅसच्या कितीतरी पट आच देते. घरी सगळं एकदम कढईत टाकलंत की भाज्यांना पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी शिजतात. दोन-दोन माणसांपुरतं करा. कॉर्नफ्लोर गार पाण्यातच कालवायचं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. ग्रेव्ही पातळ असतानाच गॅस बंद करा, ताटात येईपर्यंत आळते. आणि गोळे पानात वाढताना घालायचे. आधीपासून पोहायला सोडलेत की ग्रेव्ही पितात.

पिळलेलं कोबीचं पाणी ग्रेव्हीत घालतात, पण तुमच्याकडे बीपी आहे, त्यात मीठ उतरलेलं असतं. टाकून द्या.

मध्यमवर्गीय | शनिवार, दुपारी २:४५
आप्पेपात्र घ्या ताई! बिडाचं साडेपाचशे-सहाशेला मिळतं. प्रत्येक खळगीत दोन-चार थेंब तेल, झाकण, मंद आच, एक बाजू पाच-सहा मिनिटं, मग उलटवायचे. मस्त होतात.

काटेकोर | शनिवार, दुपारी २:४९
आहे त्यांच्याकडे. पहिलीच पोस्ट.

मध्यमवर्गीय | शनिवार, दुपारी २:५३
मग प्रश्न काय आहे?

वाळवण | शनिवार, संध्याकाळी ५:३०
आप्पेपात्राचा माझा अनुभव लिहिते. मैदा काढून ओट्स घातले, पौष्टिक म्हणून. बाहेरून छान लाल, आतून लगदा. परत केले तेव्हा ज्वारीचं पीठ घातलं, तर थालीपिठाचे लाडू. सासूबाईंनी दह्याबरोबर वाढले, संपले सगळे, पण मंच्युरियन कुणी म्हणालं नाही. मंच्युरियनला मैदा-कॉर्नफ्लोरच लागतं, थोडं घाला पण तेच घाला. पौष्टिक खायचंय तर थालीपीठ लावा.

पाटा_वरवंटा | शनिवार, संध्याकाळी ६:०२
बिडाच्या कढईत थालीपीठही उत्तम होतं.

उपाशी_बोका | शनिवार, रात्री ८:१५
एवढ्या भानगडीपेक्षा महिन्यातून एकदा गाडीवरचं अर्धा प्लेट खाऊ द्या की बाबांना. ७१ वर्षांचा माणूस. किती आवरायचं त्यांनी?

पोटोबा | शनिवार, रात्री ८:२०
हे असले सल्ले देणारे हॉस्पिटलचं बिल भरायला येतात का?

उपाशी_बोका | शनिवार, रात्री ८:२२
तुम्ही आलात ना त्या रात्री डोकं धरून? बिल किती झालं?

(यापुढचे अकरा प्रतिसाद विषयाला सोडून असल्याने उडवले आहेत. मंडळी, कोबीवर या. – संपादक)

कोपऱ्यावरची | पुढचा शुक्रवार, रात्री ९:१५
सर्वांचे आभार. आज केलं. शिव्या पडणार आहेत हे धरूनच लिहितेय: मी तळले.

आप्पेपात्रात बुधवारी चाचणी घेतली होती. चव चांगली होती, पण ग्रेव्हीत पडल्यावर मिनिटाभरात मऊ पडले आणि बाबांनी पुन्हा "आप्पे छान झालेत" म्हटलं. म्हणून आज लहान लोखंडी कढई काढली, तीच जुनी, फोडणीची. काही विकत घेतलं नाही. तेल मोजून ४०० मिली ओतलं, तळून झाल्यावर गार करून गाळून परत मोजलं. ३५० भरलं. म्हणजे सव्वीस गोळ्यांना ५० मिली, त्यातलंही थोडं कागदावर गेलं. माणशी अडीच छोटे चमचे धरा. मी तर वाटीभर जातं समजत होते. पहिल्या वेळी एवढं तेल प्यायले ते बहुतेक फुटल्यामुळे. या वेळी कोबी फडक्यात घालून नवऱ्याकडून पिळून घेतला, एकही फुटला नाही.

मीठ मात्र तिखटजाळताईंच्या शब्दाबाहेर गेले नाही. सोया सॉस मोजून एक चमचा, ग्रेव्हीत मीठ नाही, भातातही नाही. कोबीला लावलेलं पिळून पाण्याबरोबर बरंचसं गेलं. लसूण बारा पाकळ्या. अजिनोमोटो घातलं नाही, घरात नव्हतं म्हणून.

बाबांना सहा गोळे वाढले. पहिला घास घेऊन विचारलं, "आज गाडीवाला नवीन आहे का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "हातचं मीठ राखून घालतो, पण लसूण बरा आहे."

खमंग_काकू | शुक्रवार, रात्री ९:३१
तळलेत?! इतकं सांगूनही?

तिखटजाळ | शुक्रवार, रात्री ९:४०
तेल मोजलंत ते फार आवडलं. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी करा, म्हणजे माझंही थोडं ऐकल्यासारखं होईल. आणि ते तळलेलं तेल चार दिवसांत भाजीला संपवा, परत परत तळायला नको.

शेवटची_लोकल | शुक्रवार, रात्री ९:४४
भावाला वाचून दाखवलं. म्हणतो, सव्वीस गोळे चौघांत? आम्ही सहात एक प्लेट काढायचो.

पाटा_वरवंटा | शुक्रवार, रात्री ९:५८
लोखंडी कढई किती किलोची आहे?

नवा_सभासद | शुक्रवार, रात्री ११:२०
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ताई, आप्पेपात्र वापरून बघा.