‘ॲलिबाय’ला मराठीत काय म्हणायचं? (‘अन्यत्र उपस्थिती’ सोडून)

पानोपानी:
एका जपानी रहस्यकादंबरीचं इंग्रजीवरून मराठी चालू आहे. ॲलिबाय म्हणजे ‘गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो’ हा बचाव. जपान्यांनी हा शब्द ‘अरिबाई’ असा सरळ उचललाय. संशयिताचा ॲलिबाय कसा मोडला यावरच उभ्या असलेल्या कथांना ‘अरिबाई-कुझुशी’ असं वेगळं नावही आहे. कुझुशी म्हणजे ढासळवणं. मला अडतंय ते चार ठिकाणी: ‘तुमचा ॲलिबाय काय?’, ‘त्याचा ॲलिबाय भक्कम होता’, ‘ॲलिबाय रचला’ आणि ‘ॲलिबाय ढासळला’. ‘अन्यत्र उपस्थिती’ पहिल्याच वाक्यात गुदमरते. कोणता इन्स्पेक्टर असं विचारेल?

बाररूम:
कोर्टात ‘अन्यत्र उपस्थिती’ हा शब्द बिनचूक आहे, तो टाकू नका. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ११ ॲलिबायसाठी लागायचं. त्यातलं उदाहरण असं: गुन्हा कलकत्त्यात घडला आणि ‘अ’ त्या दिवशी लाहोरला होता, तर ही गोष्ट प्रस्तुत, म्हणजे खटल्याशी संबंधित, ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ९ झालं आणि गावं चेन्नई आणि लडाख झाली. आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर असते. पण आरोपीला ते सिद्ध करता आलं नाही म्हणून सरकार पक्षाची बाजू आपोआप सिद्ध होत नाही. अनुवादात इथं हमखास घोळ होतो. ‘ॲलिबाय ढासळला’ म्हणजे ‘गुन्हा शाबीत झाला’ असं लिहून मोकळे होतात.

मूळधातू:
लॅटिनमध्ये ‘अलिबी’चा अर्थच ‘दुसरीकडे’. आपलं ‘अन्यत्र’ हुबेहूब तेच. इंग्रजीतही ते आधी क्रियाविशेषण होतं, नाम नंतर झालं. मग आपण ‘अन्यत्र’चं नाम का करू नये? ‘अन्यत्रता’ म्हणा. दहा पुस्तकांत आलं की रुळेल.

चावडी:
रुळणार नाही. तोंडात बसत नाही तो शब्द पुस्तकातही बसत नाही. पेपरात रोज येणारा शब्द घ्या ना: ‘बनाव’. आत्महत्येचा बनाव, अपघाताचा बनाव, चोरीचा बनाव. ‘बनाव रचला’, ‘बनाव उघड झाला’. तुमची तिसरी-चौथी वाक्यं सुटली.

पानोपानी:
पण बनाव खोटाच असतो. ॲलिबाय खराही असू शकतो. निर्दोष माणसाचा खरा ॲलिबाय पोलीस मानत नाहीत, यावर माझी अर्धी कादंबरी उभी आहे.

चावडी:
मग ‘सबब’.

मूळधातू:
सबब अजिबात नको. अरबीत ‘सबब’ म्हणजे कारण, आणि सरकारी मराठीत तो अर्थ अजून जिवंत आहे: ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ बोलीत मात्र सबब म्हणजे निमित्त, तेही बहुधा लंगडं. भक्कम सबब कुणी ऐकली आहे?

वेळापत्रक:
सगळे ‘कुठे’ला धरून बसला आहात. ॲलिबायला दोन पाय असतात, जागा आणि वेळ. ‘अन्यत्र’मध्ये वेळ नाही. चांगल्या रहस्यकथेत बहुतेकदा वेळेचा पायच मोडतो. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ रात्री ९ ते ११ दिली. संशयित ८ ते १२ लग्नाच्या पंगतीत होता, पन्नास जणांनी पाहिलं. त्यात काहीही खोटं नाही. पण प्रेत गार खोलीत ठेवलं की ताठरपणा उशिरा येतो, आणि उशिरा आला की डॉक्टरांच्या अंदाजातली मृत्यूची वेळ पुढे सरकते. खून प्रत्यक्षात संध्याकाळी ७ चा. म्हणजे ‘अन्यत्र उपस्थिती’ शंभर टक्के खरी आणि ॲलिबाय शून्य. घड्याळाचे काटे फिरवणं, टपालाचा शिक्का, उशिरा सुटलेली गाडी, सगळ्या युक्त्या याच जातीच्या. म्हणून पहिल्या वाक्यासाठी मराठी इन्स्पेक्टरचा साधा प्रश्न उत्तम: ‘त्या वेळी कुठं होतात?’ त्यात दोन्ही पाय आहेत. दुसऱ्या वाक्यासाठी ‘त्या वेळी तो तिथं नव्हताच, याला भक्कम पुरावा होता’. लांब होतं, पण वाचक अडखळत नाही.

बाररूम:
हे पटलं. फक्त ‘पुरावा’ जपून वापरा. ॲलिबाय हा बचाव आहे. साक्षीदार, तिकीट, हॉटेलचं रजिस्टर हा त्याचा पुरावा.

मूळधातू:
प्रत्येक ठिकाणी वाक्य उलगडत बसायचं तर परिभाषा कधीच तयार होणार नाही.

चावडी:
परिभाषा अशीच तयार होते, मिसळून. ‘पंचनामा’ बघा. पंच संस्कृत, नामा फारसी. आणि पाच पंच लागतच नाहीत, कायद्याला दोन पुरतात. तरी शब्द कुणाला खटकत नाही. तसाच ‘ॲलिबाय’ राहू द्या.

मूळधातू:
मग ‘गुप्तहेर’ही बदला. हेर म्हणजे शत्रूच्या मुलखातून बातमी काढणारा, बहिर्जी नाईकांसारखा. खुनाचा छडा लावणारा गुप्त कशाला असेल? पत्ता पाटीवर लावून बसतो तो.

वेळापत्रक:
बंगाली रहस्यकथांचा नायक ब्योमकेश बक्षी, त्यानं ‘डिटेक्टिव्ह’ नाकारून ‘सत्यान्वेषी’ घेतला. आपल्याकडे ‘अन्वेषण’ सीआयडीच्या मराठी नावात आहे, गुन्हे अन्वेषण विभाग. पण ‘अन्वेषक’ कथेत कुणी घेत नाही.

चावडी:
कारण ‘छडा लावणं’ आहे. ‘छडा’तूनच नाम काढता येईल का? ‘छडेकरी’?

मूळधातू:
‘-करी’ लागतो तो धंद्याला किंवा वहिवाटीला: शेतकरी, वारकरी, गावकरी. छडा हा धंदा आहे का, ते आधी ठरवा.

पानोपानी:
ठरवा. तोवर चौथं वाक्य अजून तसंच आहे.