खजिन्याचे हिंदी चित्रपट आणि आपल्या ग्वाल्हेरची गंगाजळी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या रविवारी आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘बादशाहो’ पुन्हा पाहिला. मिलन लुथरिया यांच्या २०१७ सालच्या या हिंदी चित्रपटात आणीबाणीच्या काळात एका राणीचे सोने सरकारजमा होते आणि दिल्लीकडे निघालेला सोन्याचा ट्रक वाटेतच पळवण्याचा बेत रचला जातो. गोष्ट राजस्थानातली आहे, पात्रे कल्पित आहेत. तरीही जेवताना आमच्याकडे विषय निघाला तो किल्ल्यावरच्या गंगाजळीचा. शिंद्यांच्या त्या गुप्त खजिन्याची कथा ग्वाल्हेर शहरातल्या आणि त्याच्या लष्कर, मुरार या भागांतल्या बहुतेक मराठी घरांत कोणी ना कोणी सांगितलेली असते. राजा आणि खजिना असलेला चित्रपट पाहताना तुम्हाला आपल्या गावातले काय आठवते, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

सराफा, लष्कर

मला आठवतो तो सराफ्यातला कडुनिंब. माझे माहेर तिथून हाकेच्या अंतरावर होते आणि आजी बाजाराला निघाली की त्या झाडापाशी थांबून हात जोडायची. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब ग्वाल्हेरात आले, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले आणि दरबारची बहुतेक फौज बंडवाल्यांना मिळाली. त्या वेळी खजिनदार अमरचंद बांठिया यांनी खजिना उघडून दिला आणि इंग्रजांनी गाव परत घेतल्यावर त्यांना सराफ्यातल्या याच कडुनिंबावर फाशी दिले. चित्रपटात पेटारा उघडला की हिऱ्यांचा उजेड नायकाच्या तोंडावर पडतो. आमच्याकडे खजिना उघडला, तेव्हा त्यातून शिपायांचे पगार वाटले गेले. मला हेच अधिक थरारक वाटत आले आहे, आणि एवढी मोठी घटना हिंदी पडद्यावर राणीच्या कथेतला एक ओझरता प्रसंग म्हणूनच येते, याचे वाईट वाटते.

मुरार

माझी सारी नोकरी सरकारी कोषागारात गेली, त्यामुळे असे चित्रपट पाहताना माझे लक्ष नायकापेक्षा कुलपाकडे असते. आमच्या भक्कम खोलीला दोन कुलपे असत. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे समोर उभे राहिल्याशिवाय दार उघडत नसे. सकाळी पहिले कुलूप निघाले की आत साचलेल्या हवेचा, जुन्या कागदाचा आणि लाखेचा एक वास येई, तो निवृत्तीनंतरही माझ्या नाकात आहे. दोघांपैकी एक आजारी पडला, तर रीतसर लेखी कार्यभार देऊन त्याची किल्ली तिसऱ्याच कोणाच्या हाती सोपवली जाई, आणि त्या कागदावर सही करताना माझा हात नेहमीच थोडा जड होत असे.

म्हणूनच गंगाजळीची कथा मला खजिन्यापेक्षा किल्लीची कथा वाटते. तळघरांचा मार्ग सांगणारे बीजक, म्हणजे सांकेतिक खूण, फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असे आणि ते पुढच्या महाराजांना तोंडी सांगितले जाई, असे सांगतात. १८५८ पासून किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. तो १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. त्यांचे पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही झाले नव्हते, त्यामुळे ते गुपित त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, अशी कथा आहे. अठ्ठावीस वर्षे परक्या फौजेच्या पायाखाली आपले धन दडलेले आहे हे एकट्याने जाणणे आणि त्याविषयी कोणाशी बोलताही न येणे, ही केवढी कैद असेल! पटकथा लिहिणाऱ्यांनी तलवारबाजी थोडी कमी करून या जागी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

नई सडक

पाहुण्यांच्या मुलांना घेऊन मी शिंद्यांच्या जयविलास महालाच्या संग्रहालयात अनेकदा गेलो आहे. १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या या महालातली प्रचंड झुंबरे पाहून मोठी माणसे थक्क होतात. मुले मात्र जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवणाऱ्या चांदीच्या आगगाडीपाशीच अडून राहतात.

दौलतगंज

‘बादशाहो’विषयी माझी एक तक्रार आहे. मी आणीबाणीत शाळेत होते. जयपूरच्या गायत्रीदेवी तिहार तुरुंगात होत्या आणि आपल्या राजमाता विजयाराजे शिंदेही तिथेच होत्या. आमच्या घरी ती बातमी हलक्या आवाजात बोलली जाई, कारण भिंतीपलीकडे कोण ऐकत असेल याचा भरवसा नव्हता. पुढे १९७६ मध्ये जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर खजिन्याचा मोठा शोध घेतला गेला आणि तसे काही सापडले नाही, असे सरकारने सांगितले. चित्रपटातली राणी देखणी आणि कारस्थानी आहे; पण त्या दिवसांची ती भीती मला पडद्यावर कुठेच दिसली नाही.

आमच्या आईकडे देवघरात तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला एक गडू होता. त्याला ती गंगाजळीच म्हणायची, त्यामुळे किल्ल्यावरही असेच गडू रांगेने ठेवलेले असतील, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. आईच्या शेवटच्या दिवशी भावाने पेचकसाने त्याचे झाळण काढले. पाणी निम्म्याहून कमी उरले होते. तेवढे तुळशीच्या पानावरून तिच्या ओठांना लावले आणि रिकामा गडू पुन्हा त्याच जागी ठेवला.