वारंवार होणारा कासदाह आणि मुक्त संचार गोठा: आधी काय बदलावे?

नीराकाठ (फलटण तालुका)

नमस्कार. आमच्याकडे आठ संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी असून ऊस आणि थोडी मका अशी शेती आहे. गोठा पत्र्याचा, खाली सिमेंटचा कोबा केलेला आणि दावणीचा आहे. गायी दिवसरात्र आखूड दाव्यावर गव्हाणीकडे तोंड करून बांधलेल्या असतात, पाणी सकाळ-संध्याकाळ बादलीने पाजले जाते आणि दूध दोन्ही वेळा यंत्राने काढले जाते. या पावसाळ्यात तीन गायींना एकापाठोपाठ दगडी, म्हणजे कासदाह (कासेची सूज), झाली. उपचार वेळेवर केले, तरी एका गाईचा मागचा सड कायमचा बंद पडला आणि दुसरीला बरी झाल्यावर महिन्याभरात त्याच सडाला पुन्हा दगडी झाली. याशिवाय बहुतेक गायींचे पुढचे गुडघे सुजलेले आहेत आणि खुरे वाढली आहेत. औषधांचा खर्च तर आहेच, पण जनावरांचे हाल पाहवत नाहीत.

आमच्या भागात अनेकांनी मुक्त संचार गोठा केला आहे. माझाही तसाच विचार आहे, मात्र वडिलांचे म्हणणे असे की गायी सुट्या सोडल्या तर एकमेकींना मारतील, गाभण गाय पडेल आणि जागाही बरीच वाया जाईल. माझे दोन प्रश्न आहेत. मुक्त गोठ्याने कासदाह खरोखर कमी होतो का? आणि हाती पैसा मर्यादित असताना सर्वात आधी काय बदलावे?

पशुवैद्यक, माण

नीराकाठ, आपण दगडी, सुजलेले गुडघे आणि वाढलेली खुरे यांचा एकत्र उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण या तिन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. गाईला दिवसातून दहा ते बारा तास बसून रवंथ करण्याची आणि विसाव्याची गरज असते. टणक आणि ओल्या कोब्यावर ती नाइलाजाने बसते, उठता-बसता गुडघे घासतात, आणि शेणामुताने माखलेल्या जागी कास टेकल्यामुळे जंतू थेट सडाच्या तोंडाशी पोहोचतात. अशा गोठ्यात औषधाने एक गाय बरी होते आणि शेजारची आजारी पडते. म्हणून इंजेक्शन बदलत राहण्याआधी बसण्याची जागा आणि धारेची पद्धत बदलावी, असे माझे ठाम मत आहे.

धारेपासून सुरुवात करा, कारण त्याला जवळजवळ खर्च नाही. दूध काढून झाल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. या अर्ध्या तासात गाय खाली बसता कामा नये. त्यामुळे वैरण धारेच्या आधी न टाकता धार संपताच ताजी वैरण गव्हाणीत टाका, म्हणजे ती खात उभी राहील. त्याच वेळी चारही सड आयोडीनयुक्त द्रावणात बुडवा. हे सर्व गायींना, दोन्ही वेळा आणि बारा महिने करायचे असते. आजारी गाईपुरते केले तर त्याचा उपयोग होत नाही. धारेपूर्वी कास धुतल्यास ती कोरडी पुसलीच पाहिजे आणि प्रत्येक गाईसाठी वेगळा फडका हवा. एकाच ओल्या फडक्याने आठ कासा पुसणे म्हणजे एका गाईचे जंतू आठ गायींना वाटणे होय.

धार लावण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळा काळ्या कापडावर किंवा गडद रंगाच्या वाटीत घ्या. गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्ताची झाक लगेच दिसते. पण जो कासदाह डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे सुप्त कासदाह, तो गोठ्यात जास्त नुकसान करतो. कास सुजत नाही, दूध चांगले दिसते, फक्त उत्पादन हळूहळू घटते आणि ती गाय इतरांना संसर्ग देत राहते. त्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) नावाची चाचणी गोठ्यातच करता येते. चार सडांचे दूध चार वेगवेगळ्या खणांत घेऊन तेवढेच चाचणीचे द्रावण मिसळून हलवले की बाधित सडाचे दूध चिकट, जेलीसारखे होते. ते द्रावण मिळाले नाही तर कपडे धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावण वापरूनही प्राथमिक अंदाज येतो. महिन्यातून एकदा सर्व गायींची ही चाचणी करा आणि त्यावरून धारेचा क्रम ठरवा. पहिलारू आणि निरोगी गायी आधी, बाधित गाय सर्वात शेवटी.

यंत्राकडेही लक्ष द्यावे. सडाला लावायच्या कपातील रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलायचे असतात. आठ गायी एकाच संचावर दोन वेळा म्हणजे दिवसाला सोळा धारा होतात, म्हणजेच पाच महिन्यांच्या सुमारास लायनर बदलायला हवेत. ते फाटले नसले तरी आतून त्यांना बारीक भेगा पडतात आणि धुऊनही जंतू त्या भेगांत राहतात. दूध संपल्यावर यंत्र तसेच चालू ठेवल्यानेही सडाच्या तोंडाला इजा होते.

ज्या गाईला त्याच सडात पुन्हा दगडी झाली तिच्या दुधाची संवेदनशीलता चाचणी (जंतूंवर कोणते औषध चालेल हे पाहणारी तपासणी) करून घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जंतू कासेच्या आतल्या उतींत दडून बसतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुना पाठवण्याबाबत आपल्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करावी. उपचार चालू असताना आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या गाईचे दूध संकलनाला घालू नका, घरातही वापरू नका. प्रतिजैविक उतरलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, यावरूनच ते माणसाच्या पोटात गेल्यावर काय करू शकेल याची कल्पना यावी.

दगडी झालेल्या गाईला तीव्र वेदना होतात, आणि हा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतो. वेदनाशामक औषध हा उपचाराचाच भाग आहे असे समजून डॉक्टरांकडे आग्रह धरा. मेलॉक्सिकॅम हे त्यासाठी चांगले औषध आहे आणि ते गिधाडांनाही सुरक्षित आहे. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ सालीच बंदी आली आहे.

कऱ्हाकाठ (बारामती तालुका)

डॉक्टरांनी धारेविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी फक्त गोठ्याविषयी लिहिते. आमच्या घरी दावणीचा गोठा मोडून मुक्त गोठा केला आणि तो मीच सांभाळते.

नीराकाठदादा, जागेची भीती आधी बाजूला ठेवा. एका मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्यात सात चौरस मीटर जागा असावी असे प्रमाण मानले जाते. आठ गायींचे मिळून चौऱ्याऐंशी चौरस मीटर होतात, म्हणजे एक गुंठाही पूर्ण लागत नाही. पावसाळ्याचा विचार करून दीड ते दोन गुंठे घेतलेत तर उत्तमच. लोखंडी पाइप नसले तरी चालते, बांबू किंवा जाळीचे कुंपण पुरेसे होते. आहे तो पत्र्याचा गोठा मोडू नका. गव्हाण तिथेच ठेवा, दावी सोडा आणि गोठ्याला लागून कुंपण घाला, इतके केले तरी सुरुवात होते.

वडिलांची काळजी रास्त आहे. सुरुवातीला गायींमध्ये ढुशा होतात, कारण त्यांना आपापसातला मान ठरवायचा असतो. तो ठरला की भांडणे थांबतात. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्या लागतात. गव्हाणीत गायींच्या संख्येपेक्षा एक-दोन तोंडांची जागा जास्त हवी, नाहीतर दबलेली गाय उपाशी राहते आणि ते पटकन लक्षातही येत नाही. दुसरे म्हणजे, विण्याला टेकलेली गाय, आजारी गाय आणि वासरे यांच्यासाठी वेगळा कप्पा हवा. पुढच्या वासरांची शिंगकळी लहानपणीच डॉक्टरांकडून, जागा बधिर करून, काढून घेतलीत तर हा प्रश्न मुळातूनच कमी होतो.

मला सर्वात मोठा फरक जाणवला तो पाण्याचा. दूध देणाऱ्या गाईला प्रत्येक लिटर दुधामागे तीन-चार लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. बादलीने दोनदा पाजलेली गाय एका दमात तेवढे पिऊच शकत नाही. हौद चोवीस तास भरलेला असला की ती खाते, फिरते, पुन्हा येऊन पिते. आतून चुना लावलेल्या हौदात शेवाळही कमी धरते. गायी चालत्या-फिरत्या राहिल्याने खुरे झिजतात, माजावर आलेली गाय नजरेतून सुटत नाही आणि गुडघ्यांची सूज मातीवर बसू लागल्यावर उतरत जाते.

छपराची जागा मातीची ठेवणार असाल तर त्याची लांबी दक्षिणोत्तर घ्या. सावली दिवसभर सरकत राहते आणि खालची माती आळीपाळीने उन्हात वाळते. गोठ्यात पाच-सहा गावठी कोंबड्या सोडल्या तर त्या शेण उकरतात आणि गोचिडांची पिल्लेही टिपतात. भिंतींच्या भेगा मात्र बुजवाव्याच लागतात, कारण गोचीड अंडी तिथे घालतो.

नीराकाठ

डॉक्टर आणि ताई, आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना गुंठ्याचा हिशेब वाचून दाखवला, त्यांना तो पटला. दोन शंका राहिल्या आहेत. आमची जमीन काळी आहे, पावसाळ्यात मोकळ्या भागात चिखल झाला तर दगडी उलट वाढणार नाही का? आणि ज्या गाईला पुन्हा पुन्हा दगडी होते ती आता सात महिन्यांची गाभण आहे, तिचे काय करावे?

वारणाकाठ

डॉक्टर उत्तर देतीलच, तोवर चाऱ्याविषयी थोडे लिहितो, कारण ऊसपट्ट्यातल्या गोठ्यांत हे कारण हमखास असते. हंगामात आपण महिनोन्‌महिने उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने) घालतो. वाढ्यात ऑक्झलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम कमी पडले की स्नायू शिथिल होतात आणि सडाचे तोंड आवळून धरणारा स्नायूही त्याला अपवाद नाही. तोंड नीट मिटत नसेल तर जंतूंना वाट मोकळीच राहते. म्हणून वाढे ही एकमेव वैरण नसावी. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), मका, लसूणघास यांची जोड द्यावी, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि दुभत्या गाईला रोज खनिज मिश्रण द्यावे. आपल्याकडे मका आहेच, तर थोडा मुरघास करून ठेवणे अवघड जाऊ नये.

पशुवैद्यक, माण

वारणाकाठ यांनी मांडलेला मुद्दा अगदी योग्य आहे. आता चिखलाची शंका. ती खरी आहे, आणि ओल्या मुक्त गोठ्यापेक्षा कोरडा दावणीचा गोठा कधीही बरा, असे मी म्हणेन. आतड्यातून येणारे ई. कोलायसारखे जंतू ओल्या शेणमातीत झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा कासदाह काही तासांत गाईच्या जिवावर बेतू शकतो. काळ्या जमिनीवर भराव केल्याशिवाय मुक्त गोठा करू नका. मोकळ्या भागात मुरूम टाकून, दाबून, एका बाजूला उतार द्या आणि पाण्याचा हौद त्या उताराच्या खालच्या टोकाला ठेवा, म्हणजे सांडलेले पाणी बसण्याच्या जागेकडे येणार नाही. संततधार असेल त्या दिवसांत गायी छपराखालीच राहू द्या आणि तिथे उसाचे वाळलेले पाचट अंथरा. पाचट ओले झाले की लगेच उचलायचे. ते कुजेपर्यंत ठेवले तर तेच जंतूंचे घर बनते. उन्हाळ्यात फवारे लावणार असाल तेव्हाही हाच नियम ठेवा. पाठ भिजावी, पण कासेवरून पाणी ओघळू नये.

गाभण गाईबाबत उशीर करू नका, कारण तिला आटवण्याची वेळ आता आलीच आहे. विण्यापूर्वी सुमारे साठ दिवस कासेला विश्रांती मिळायला हवी, आणि जुना संसर्ग मोडून काढण्याची सर्वात चांगली संधी याच काळात असते. शेवटची धार पूर्ण काढल्यावर चारही सडांत भाकड काळासाठीची दीर्घकाळ टिकणारी औषधाची नळी डॉक्टरांकडून सोडून घ्यावी. त्यानंतर पहिले दोन आठवडे आणि विण्याआधीचे दोन आठवडे कासेवर रोज नजर ठेवा, कारण नवा संसर्ग याच दोन टप्प्यांत अधिक होतो. विल्यानंतरही त्याच सडाच्या चाचणीत संसर्ग आढळला तर तो सड कायमचा आटवून तिला तीन सडांवर ठेवण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येईल. अशी गाय नीट सांभाळली तर पुढची वेतेही देऊ शकते.

संवेदनशीलता चाचणीचा नमुना मात्र आटवण्यापूर्वी, आणि कोणतेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्या. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या चिळा टाकून द्या, निर्जंतुक बाटलीत थोडे दूध घेऊन झाकण घट्ट लावा, त्यावर गाईचा बिल्ला क्रमांक आणि सड कोणता ते लिहा, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवा. अहवाल आला की इथे जरूर लिहावे, म्हणजे औषधाची निवड कशी करायची यावर पुढे बोलता येईल.