आयटूसीवरच्या चिपचा इंटरप्ट एजवर घेऊ नका, लेव्हलवरच घ्या

खाजणवाला

विषय जुना वाटेल, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. दाभोळ खाडीच्या कडेला खाजणात कोळंबीची तळी आहेत, तिथे एका लिनक्स बोर्डवर एरेटरचं (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) मॉनिटरिंग मी बसवून दिलंय. बोर्डाला पिना कमी पडल्या म्हणून आयटूसीवर (दोन वायरींची बस) एमसीपी२३०१७ ही पिना वाढवणारी चिप लावली, १६ इनपुट मिळतात. ए पोर्टला काँटॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ऑक्झिलरी काँटॅक्ट आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा), बी पोर्टला पाण्याच्या पातळीचा फ्लोट स्विच. दोन्ही पोर्टांचे इंटरप्ट (काही बदललं की चिप प्रोसेसरला मारते ती हाक) मिरर, म्हणजे एकत्र, करून एकाच वायरने बोर्डाच्या जीपीआयओ पिनवर आणले आणि घाईत लिहिलेल्या माझ्या ड्रायव्हरमध्ये फॉलिंग एज मागितली, म्हणजे लाईन वरून खाली पडते त्या क्षणीच हाक ऐकायची; लेव्हलमध्ये लाईन खाली आहे तोवर ती ऐकू येत राहते.

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री एक फेज गेली. प्रिव्हेंटरने एरेटर बंद केले, त्याचं काम त्याने केलं, पण मालकाच्या मोबाईलवर अलार्म गेलाच नाही. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. राखणदार उठला तेव्हा कोळंबी काठाला येऊन वर तरंगत होती. अर्धं तळं गेलं.

मी सकाळी पोचलो तर बोर्ड व्यवस्थित चालू, लॉगिन होतंय, कर्नल लॉगमध्ये एक ओळ नाही. प्रॉक इंटरप्ट्समध्ये (कर्नलची इंटरप्ट मोजणारी यादी) त्या लाईनचा आकडा ४१८ वर थांबलेला. मल्टिमीटर लावला तर इंट पिन ०.१ व्होल्टला. म्हणजे चिप कधीपासून हाक मारत होती आणि इकडे कोणाला पत्ताच नाही.

झालं असं की माझा थ्रेड (इंटरप्ट आला की उठणारा ड्रायव्हरचा भाग) आधी ए पोर्ट वाचायचा आणि मग बी. १०० किलोहर्ट्झला एक रजिस्टर वाचायला साधारण ०.४ मिलीसेकंद जातात. ए वाचून झालं, बीवरची हाक अजून बाकी होती, ती वाचायला गेला, तेवढ्यात ए वर परत काहीतरी हललं. मिरर असल्यामुळे दोन्ही पोर्ट मोकळे झाल्याशिवाय लाईन वर जात नाही, ती वर गेलीच नाही, मग खाली पडणारी एज येणार कुठून? तिथून पुढे कायमचं बहिरेपण. लेव्हल लो आणि वनशॉट (थ्रेड संपेपर्यंत लाईन मास्क, म्हणजे बंद, ठेवणं) मागितलं असतं तर थ्रेड संपून लाईन अनमास्क झाल्याबरोबर कर्नलला दिसलं असतं की अजून लो आहे, आणि थ्रेड परत उठला असता. माझं मत पक्कं झालंय, बस संथ असेल तर लेव्हलच.

मिरकरवाडा_बर्फ

दादा, वाचून वाईट वाटलं. पण मी म्हणतो इंटरप्ट हवाच कशाला? मी बर्फाच्या फॅक्टऱ्यांचे कंट्रोलर करतो, बंदराच्या अगदी तोंडावर. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर हिरवट थर चढतो, पावसाळ्यात काँटॅक्ट ओले होतात आणि एक स्विच सेकंदाला शेकडो वेळा हो-नाही करायला लागतो. त्याला इंटरप्ट लावला की वादळच. मी दर २० मिलीसेकंदाला दोन्ही पोर्ट एका ट्रान्सफरमध्ये वाचतो, त्याला ०.४५ मिलीसेकंद लागतात, म्हणजे बसचा सव्वादोन टक्के वेळ. काँटॅक्टर काय २० मिलीसेकंदात पडून परत चढणार नाही. डिबाऊन्स (काँटॅक्टची थरथर गाळणं) फुकट मिळतो, एज नाही, लेव्हल नाही, अडकणारी लाईन नाही.

खाजणवाला

वादळाचं म्हणशील तर वनशॉटमध्ये थ्रेड संपेपर्यंत लाईन मास्क असते, त्यामुळे बसच्या वेगापेक्षा जास्त इंटरप्ट येऊच शकत नाहीत. आणि लाईट गेली की माझा बोर्ड बॅटरीवर जातो, तेव्हा सेकंदाला ५० वेळा प्रोसेसर जागा करणं मला परवडत नाही. ज्या रात्री बॅटरी टिकायला हवी त्याच रात्री ती उगाच खर्च होणार.

मिरकरवाडा_बर्फ

येऊच शकत नाहीत हे खरं, पण जेवढे येतात तेवढ्यांनीच बस भरून जाते ना. इंटरप्टचा थ्रेड फिफो ५० प्रायॉरिटीला, म्हणजे साध्या प्रोसेसच्या वर, चालतो, तुझा ऑक्सिजन सेन्सर त्याच बसवर असेल तर त्याचं रीडिंग घेणारा साधा प्रोसेस रांगेत उभाच राहील. फ्लोट स्विच लाटेबरोबर वरखाली होत राहिला तरी हेच. पोलिंगचा, म्हणजे ठराविक वेळाने स्वतः वाचण्याचा, खर्च आधी माहीत असतो, तुझा खर्च हवामानावर.

शिकाऊ_चिपळूण

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक विचारू का? थ्रेड वगैरे न करता मेन हँडलरमध्येच (इंटरप्ट येताच चालणारा पहिला कोड) रजिस्टर वाचून टाकलं तर ए आणि बी मधला वेळच कमी होईल ना?

कातळशिल्प

नाही होणार बाळा, आणि करूही नकोस. आयटूसीचं ट्रान्सफर करताना बसचं म्युटेक्स (कुलूप) घ्यावं लागतं, मग कंट्रोलरचा स्वतःचा इंटरप्ट येईपर्यंत झोपावं लागतं, आणि हार्ड इंटरप्टच्या संदर्भात झोपता येत नाही. शेड्युलिंग व्हाईल अॅटॉमिक अशी ओळ लॉगमध्ये येईल आणि पुढचं तुझं नशीब. यासाठीच कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांनी २००९ साली कर्नल २.६.३० मध्ये थ्रेडेड इंटरप्ट मेनलाईनमध्ये (मुख्य लिनक्स कर्नलमध्ये) आणले. प्रायमरी (म्हणजे तू म्हणतोस तो मेन) हँडलर न देता थ्रेड मागितलास आणि वनशॉट विसरलास तर साध्या कंट्रोलरवर कर्नल सरळ नकार देतं.

आता खाजणवाले दादा, तुमच्याशी बोलते. लेव्हल बरोबरच आहे, मेनलाईनमध्ये याच चिपचा ड्रायव्हर आहे तोही लेव्हल आणि वनशॉटच मागतो, तो घेतला असतात तर ही रात्र आली नसती. पण लेव्हल लावली म्हणजे सुटलो असं समजू नका. बसच अडकली तर? वीज कडाडली, ट्रान्सफर मध्येच तुटलं आणि चिपने डेटा लाईन खाली धरून ठेवली. मग इंट लो, थ्रेड उठतो, ट्रान्सफर टाईमआऊट होतं, वाचता आलं नाही म्हणून चिप मोकळी होत नाही, अनमास्क, परत लो, परत थ्रेड. तुम्ही म्हणाल कर्नलची नोबडी केअर्ड वाली राखण आहे, १ लाख इंटरप्टमध्ये ९९,९०० बेवारस (कोणीच न हाताळलेले) निघाले की लाईन बंद करते. ती इथे चालणार नाही. दोन बेवारस इंटरप्टमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की तो मोजणारा आकडा परत १ वर येतो. बऱ्याच कंट्रोलरना टाईमआऊट १ सेकंदाचा असतो, म्हणजे आकडा वाढणारच नाही. हे चक्र सकाळपर्यंत फिरत राहील. म्हणून एरर आला की मोजा, चार-पाच झाले की लाईन स्वतः डिसेबल करा, ९ क्लॉक देऊन बस सोडवा आणि मग परत चालू करा. आणि दादा, ज्याच्यावर जीव अवलंबून आहेत, मग ते कोळंबीचे का असेनात, त्या ड्रायव्हरचा एरर पाथ आधी लिहायचा असतो.

मचवा

मी ड्रायव्हरवाला नाही, पॅनेल वायरिंग करतो, मालवणात. प्रिव्हेंटरला रिकामा चेंजओव्हर काँटॅक्ट असतोच की. तो बॅटरीवरच्या भोंग्याला सरळ जोडायचा, राखणदाराच्या खोपटीवर. मध्ये कर्नल नाही, बस नाही. मोबाईलचा अलार्म त्याच्यावर वरकड.

खाजणवाला

मचवा भाऊ, हे मान्य, भोंगा याच आठवड्यात लावतो. पण तळ्यावर दर रात्री माणूस असतोच असं नाही, मालक दापोलीला राहतो, त्याला खबर मोबाईलवरच जाणार, म्हणून ड्रायव्हर नीट करणं सुटत नाही.

ताई, टाईमआऊटचं गणित माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री टेबलावर डेटा लाईन वायरने ग्राउंडला धरून बघितलं, लेव्हल लावलेल्या नव्या ड्रायव्हरने २० मिनिटं तेच चक्र केलं, लॉग एररने भरला आणि लाईन काही बंद झाली नाही. मेनलाईनचा ड्रायव्हर घेतोय, त्यावर एरर मोजणं, आणि शिवाय ५ सेकंदांनी एकदा इंट पिनची लेव्हल बघायची, लोच असेल तर कळवायचं.

मिरकरवाडा_बर्फ

म्हणजे शेवटी पोलिंग आलंच ना, फक्त ५ सेकंदांचं.

खाजणवाला

आलं, पण ते पहारेकऱ्यावर नजर ठेवायला. पहारा इंटरप्टचाच. आणि त्यासाठी मी जीपीआयओ वाचतो, बसला हात लावत नाही, त्यामुळे बस मेली तरी ते चालतं. तुझं पोलिंग बस मेल्यावर काय करतं?

मिरकरवाडा_बर्फ

एरर येतो आणि मी रिले पाडून कंप्रेसर बंद करतो, बर्फ दोन तास थांबतो. तुझं तळं थांबत नाही हे खरं. तरी माझ्या फॅक्टऱ्यांना मी इंटरप्ट लावणार नाही, त्या हिरव्या टर्मिनलांवर माझा विश्वास नाही.

कातळशिल्प

टर्मिनल दर पावसाळ्याआधी साफ करून ग्रीस लावता का तुम्ही दोघं? दादा, टेबलावरची तीच टेस्ट आता ४०० किलोहर्ट्झला आणि तळ्यापर्यंतची खरी लांब वायर जोडून करा, पुलअप (लाईन वर ओढणारे रेझिस्टर) किती लावलेत तेही लिहा.