तो, ती की ते मोंतेपुल्चानो?

प्रश्न

इटलीच्या प्रादेशिक वाइनची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे आणि गेला आठवडाभर एकाच शब्दापाशी अडून बसले आहे. माझ्यासमोर मेजावर दोन बाटल्या आहेत. एकीच्या चिठ्ठीवर 'मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो' असे लिहिले आहे आणि दुसरीच्या चिठ्ठीवर 'वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो'. पहिल्या खर्ड्यात मी दोन्हींचे वर्णन 'मोंतेपुल्चानो गावची वाइन' असे केले होते आणि ते साफ चुकीचे होते. पहिल्या बाटलीचा त्या गावाशी संबंध नाही. तिथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचे नाव आहे आणि ते द्राक्ष पूर्व किनाऱ्याकडच्या अब्रुत्सो प्रांतात पिकलेले आहे. दुसऱ्या बाटलीवरचे मोंतेपुल्चानो हे तोस्काना प्रांतातले, टेकडीवर वसलेले गाव आहे आणि तिथल्या या वाइनमध्ये किमान ७० टक्के द्राक्ष सांजोवेझे असावे लागते.

माझा पहिला प्रश्न असा की, दर वेळी तळटीप न देता हा फरक मराठी वाचकाला वाक्यातच कसा कळावा? दुसरा प्रश्न 'सेक्को', 'क्लासिको', 'आप्पास्सिमेंतो' आणि 'विनाच्चा' या चार शब्दांचा आहे. कोशांत मिळणारे संस्कृत प्रतिशब्द मला ताठर वाटतात, परंतु इटालियन शब्द जसेच्या तसे ठेवले तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या व्याकरणातच आहे, असे मला वाटते. द्राक्षाची जात म्हणजे वाण, आणि शेतीच्या बोलण्यात तो पुल्लिंगी असतो. वाइन मराठीत स्त्रीलिंगी रुळली आहे. गाव नपुंसकलिंगी आहे. म्हणजे अब्रुत्सोत पिकतो तो मोंतेपुल्चानो, पेल्यात ओतली जाते ती मोंतेपुल्चानो आणि टेकडीवर वसले आहे ते मोंतेपुल्चानो. 'मोंतेपुल्चानो उशिरा पिकला', 'मोंतेपुल्चानो उघडून ठेवली' आणि 'मोंतेपुल्चानो दुरून दिसले' ही तीन वाक्ये वाचताना मराठी वाचकाचा क्षणभरही गोंधळ होणार नाही. खुद्द 'वाण' या शब्दाचेच पाहा. तो वाण म्हणजे जात, ते वाण म्हणजे संक्रांतीला लुटतात ते, आणि घरात कशाची वाण नाही असे म्हणतो तेव्हा ती वाण म्हणजे उणीव. एकाच उच्चाराचे तीन शब्द आपण केवळ लिंगावरून वेगळे ओळखतो. तीच सवय इथे कामाला लावावी.

यात विभक्तीची भर घालावी. इटालियनमधल्या 'दि' या शब्दाचे काम आपला 'चा-ची-चे' हा प्रत्यय करतो, आणि बहुतेक नावांत 'दि'च्या पुढे येते ते ठिकाण असते. म्हणून पहिली बाटली 'अब्रुत्सोची मोंतेपुल्चानो' आणि दुसरी 'मोंतेपुल्चानोची वीनो नोबिले'. बार्बेरा द'आस्ती म्हणजे आस्तीची बार्बेरा आणि फियानो दि आव्हेल्लिनो म्हणजे आव्हेल्लिनोची फियानो. मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. नेरो द'आव्होला या नावात आव्होला हे सिसिलीतले गाव असले, तरी आता ते सबंध नाव वाणाचेच झाले आहे आणि तो वाण सिसिलीभर पिकतो. कांपानियातल्या 'कोदा दि व्होल्पे' या नावात तर 'दि'पुढे ठिकाण नसून कोल्हा आहे: कोल्ह्याची शेपटी. त्या द्राक्षाचा घड लांब आणि टोकाशी वळलेला असतो, म्हणून ते नाव पडले.

लिंगाचा हा भेद केवळ व्याकरणाच्या हौशीचा विषय नाही, हे प्रोसेक्कोच्या उदाहरणावरून दिसते. २००९ पर्यंत प्रोसेक्को हे द्राक्षाचे नाव होते, त्यापासून केलेल्या फेसाळ वाइनचेही होते आणि त्रिएस्ते शहराजवळच्या एका खेड्याचेही होते. द्राक्षाच्या वाणाचे नाव जगातला कोणीही बागायतदार वापरू शकतो, स्थळाचे नाव मात्र कायद्याने राखून ठेवता येते. त्यामुळे त्या वर्षी इटलीने द्राक्षाला 'ग्लेरा' हे जुने पर्यायी नाव अधिकृतपणे दिले, संरक्षित प्रदेशाची हद्द प्रोसेक्को खेड्यापर्यंत नेली आणि प्रोसेक्को हे नाव वाइनपुरते व स्थळापुरते राखून ठेवले. आपल्या भाषेत सांगायचे तर 'ती' आणि 'ते' राहिले, 'तो' मात्र गेला. २००९ नंतरच्या मजकुरात 'प्रोसेक्को पिकला' असे लिहिणे म्हणूनच चूक ठरेल. पिकतो तो ग्लेरा.

याची उलट बाजूही पुस्तिकेत यायला हवी. सांजोवेझे हा एकच वाण मोंताल्चिनोत ब्रुनेल्लो म्हणून ओळखला जातो, मोंतेपुल्चानोत प्रुन्योलो जेंतिले म्हणून आणि स्कान्सानोत मोरेल्लिनो म्हणून. नेब्बिओलोला उत्तर पिएमोंतेत स्पान्ना म्हणतात आणि व्हाल्तेल्लिनाच्या डोंगरउतारांवर क्याव्हेन्नास्का. मराठी वाचकाला हे समजावून सांगताना मी डांगराचा दाखला देईन. कुठे डांगर म्हणजे लाल भोपळा, तर कुठे ताकात कालवलेले उडदाच्या पिठाचे डांगर. आणि त्याच लाल भोपळ्याला दुसरीकडे काशीफळ म्हणतात. एका नावाच्या दोन वस्तू आणि एका वस्तूची दोन नावे, हे दोन्ही प्रकार आपल्या स्वयंपाकघरात रोजचे आहेत.

लेखनाविषयी एक आग्रह धरतो. इटालियनमध्ये व्यंजनाचे द्वित्व स्पष्ट उच्चारले जाते आणि आपली जोडाक्षरे ते चोख दाखवतात. त्यामुळे ग्राप्पा, नेब्बिओलो, ब्रुनेल्लो असेच लिहावे. ग्रापा किंवा ब्रुनेलो लिहून हातचे सोडू नये. रोमन लिपीतल्या अक्षरांवरून चियांटी लिहिण्याची पद्धत पडली आहे, परंतु मूळ उच्चार क्यांती असा आहे. अब्रुत्सोमधला 'त्स' तर आपल्या 'चाक' आणि 'चटका' यांतल्या दंततालव्य चकाराच्या अगदी जवळचा आहे. हिंदी भाषकाला जो ध्वनी मुद्दाम शिकावा लागेल, तो मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासूनच आहे.

'क्लासिको'चे भाषांतर 'अभिजात' असे कृपया करू नये. क्यांती क्लासिको किंवा सोआव्हे क्लासिको यांत तो शब्द गुणवत्तेचा नाही, भूगोलाचा आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ मध्ये फर्मान काढून क्यांतीच्या हद्दी आखून दिल्या. पुढे ते नाव कितीतरी मोठ्या टापूत वापरले जाऊ लागले, तेव्हा जुन्या गाभ्यातल्या वाइनला वेगळी ओळख म्हणून 'क्लासिको' जोडले गेले. त्यामुळे 'मूळ पट्ट्यातली क्यांती' असे म्हटल्यास अर्थ नेमका पोचतो.

दुसरा प्रतिसाद

मी तासगावकडचा आहे आणि आमच्या घरी तीन पिढ्या द्राक्षबाग आहे, म्हणून उरलेल्या शब्दांविषयी लिहितो. या शब्दांसाठी कोश उघडण्याची गरजच नाही, कारण बागेत आणि बेदाणा शेडवर ते सगळे शब्द रोज बोलले जातात. घड, मणी, देठ, छाटणी आणि मांडव हे शब्द तर आहेतच. व्हेरोनाकडे ज्याला 'पेर्गोला' म्हणतात, तो आपला मांडवच होय.

'आप्पास्सिमेंतो' म्हणजे तोडलेले घड वाइन करण्याआधी सावलीत सुकवणे. व्हेरोनाजवळच्या व्हाल्पोलिचेल्ला भागात अमारोने नावाच्या वाइनसाठी कोर्व्हिना, कोर्व्हिनोने, रोंदिनेल्ला या वाणांचे घड वेतकाठीच्या मांडण्यांवर किंवा उथळ पेट्यांत, हवा खेळत्या माळ्यावर, साधारणपणे तीन-चार महिने एकेरी थरात ठेवतात. आमच्या शेडवर जाळीच्या कप्प्यांवर घड पसरतात ते दृश्य यापेक्षा फार वेगळे नसते. सकाळी कप्प्यांच्या मधून चालत गेले की आंबूसगोड वास येतो, हिरवा मणी आधी मऊ पडतो, मग त्याला बारीक सुरकुती धरते आणि बोटाने दाबला की तो चिकटतो. फरक एवढाच की, आम्ही घड द्रावणात बुडवून काढतो आणि पंधरा-वीस दिवसांत कोरडा बेदाणा झाडून घेतो. व्हेरोनाचे लोक मात्र मणी अर्धवट सुकलेला असतानाच, त्याचे वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटले की, तो गाळायला घेतात. म्हणून 'निर्जलीकरण' लिहू नये. 'घड सावलीत सुकवणे' हे पुरेसे आहे, आणि अशा घडाला 'बेदाण्याच्या वाटेवरचा घड' म्हटले तर सांगली आणि नाशिक जिल्ह्यांतल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर तो लगेच उभा राहील.

'सेक्को'साठी 'कोरडी वाइन' हा शब्दप्रयोग आता बराच चालतो, परंतु ओली वस्तू कोरडी कशी, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात राहतोच. आपल्याकडे 'अगोड' हा उत्तम शब्द आहे. चहा अगोड झाला म्हणजे त्यात गोडी कमी पडली, हे लहान मूलही जाणते. व्हाल्पोलिचेल्लात त्याच सुकवलेल्या घडांपासून गोड रेचोतो होते आणि साखर पूर्ण आंबू दिली की अगोड अमारोने होते, या वाक्यात सगळा फरक येतो. अमारोने या नावातच 'आमारो' म्हणजे कडू हा शब्द आहे. जेवणानंतर घेतात ती वनस्पतींचे अर्क घातलेली आमारो नावाची पेये हीदेखील त्याच शब्दाची. त्यांना 'कडू अर्क' म्हणता येईल. मात्र नेब्बिओलो किंवा उम्ब्रियातला साग्रांतिनो जिभेवर जी पकड घेतात, ती कडू नव्हे, ती तुरट. कच्चे जांभूळ आणि सुपारी यांमुळे हा शब्द आपल्या जिभेला इतका ठाऊक आहे की, टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, समजावून सांगायला दुसरे काही लागत नाही.

'विनाच्चा' म्हणजे रस काढून घेतल्यावर उरणारी साले, बिया आणि कधी देठ. याला मराठीत चोथा म्हणतात. ग्राप्पा ही या चोथ्यापासून गाळलेली दारू आहे, वाइनपासून गाळलेली नव्हे, आणि हा फरक भाषांतरात हमखास हरवतो. 'रिपास्सो' पद्धतीत व्हाल्पोलिचेल्लाची साधी वाइन अमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा चढवतात आणि त्या चोथ्यात उरलेली साखर व तुरटपणा ती वाइन उचलते. ग्राप्पाचे नाव द्राक्षाच्या घडाला आणि देठाला असलेल्या जुन्या बोलीशब्दांवरून आले आहे. बास्सानो देल ग्राप्पा हे शहर ग्राप्पासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच्या नावातला ग्राप्पा हा जवळचा डोंगर आहे आणि ते नाव शहराला १९२८ मध्ये मिळाले. तिथली नार्दिनी भट्टी मात्र १७७९ पासूनची आहे. इथेही आपल्या 'तो' आणि 'ती'ची कसोटी लागू पडते: तो ग्राप्पा डोंगर, ती ग्राप्पा दारू.

तिसरा प्रतिसाद

दक्षिण कोकणातून दोन गोष्टींची भर घालते. दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातल्या 'प्रिमितीव्हो' या वाणाच्या नावाचा अर्थ 'आदिम' असा केलेला मी वाचला आहे. प्रत्यक्षात तो वाण इतरांच्या आधी पिकतो, म्हणून त्याला ते नाव मिळाले. भाताच्या बाबतीत आम्ही लवकर तयार होणाऱ्या जातीला हळवे आणि उशिरा येणाऱ्या जातीला गरवे म्हणतो. प्रिमितीव्हो हा हळवा वाण. उलट कांपानिया आणि बाझिलिकाता प्रांतांतला आल्यानिको, ज्याची तोडणी पुष्कळदा ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत किंवा नोव्हेंबरपर्यंत लांबते, तो गरवा. धुक्यावरून, म्हणजे 'नेब्बिया' या शब्दावरून, नेब्बिओलोचे नाव आल्याचे सांगतात. ऑक्टोबरात पिएमोंतेतल्या लांगेच्या टेकड्यांवर धुके उतरते तेव्हा त्याची तोडणी चालते, म्हणजे तोही गरवाच.

दुसरी गोष्ट फेसाळ वाइनची. इटालियन 'स्पुमांते' हा शब्द 'स्पुमा' म्हणजे फेस यावरून आला आहे, आणि लॅटिन 'स्पूमा' व संस्कृत 'फेन' ही एकाच मूळ शब्दाची रूपे मानली जातात. आमच्या शेजारच्या गोव्यातल्या फेणीचे नाव याच 'फेन'वरून आल्याचे सांगतात. काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो २००९ साली, म्हणजे प्रोसेक्कोचे नाव कायद्याने बांधले गेले त्याच वर्षी. फेणी काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसापासून गाळतात, चोथ्यापासून नव्हे, त्यामुळे ग्राप्पाला 'इटलीची फेणी' म्हणण्याचा मोह टाळावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही बाटल्यांचे मजकूर मी आज पुन्हा लिहिले. पहिलीचा असा: 'अब्रुत्सोची मोंतेपुल्चानो. त्याच नावाच्या वाणापासून केलेली, अगोड, मध्यम तुरट.' दुसरीचा असा: 'तोस्कानातल्या मोंतेपुल्चानो गावची वीनो नोबिले. मुख्य वाण सांजोवेझे, ज्याला त्या गावात प्रुन्योलो जेंतिले म्हणतात.' तळटीप एकही लागली नाही.

एक शब्द मात्र अजून सुटलेला नाही. 'चेराझुओलो' हा शब्द चेरीच्या बोलीतल्या नावावरून आला आहे. अब्रुत्सोची चेराझुओलो ही त्याच मोंतेपुल्चानो वाणाची गडद गुलाबी वाइन आहे, तर सिसिलीतल्या व्हित्तोरियाची चेराझुओलो ही नेरो द'आव्होला आणि फ्राप्पातो यांची लाल वाइन आहे. दोन्ही स्त्रीलिंगीच असल्यामुळे लिंगाची युक्ती इथे चालत नाही, आणि 'चेरीच्या रंगाची' असे म्हटले तर दोन्हींना सारखेच लागू पडते. करवंद पिकताना आधी लालसर गुलाबी आणि मग काळपट होते, तशा दोन छटा दाखवणारे वेगळे शब्द कोणाच्या बोलीत असतील, तर ते मला हवे आहेत.