जुलैत क्रीटला जाऊ का? चालायचंय आणि खायचंय

शाहूपुरीकर: मंडळी, जुलैत मी नि बायको ग्रीसच्या क्रीट बेटावर दहा दिवस जायचं म्हणतोय. पन्हाळा-पावनखिंड तीनदा केलंय, पण पावसात चिखल तुडवत. तिथली सामारियाची घळ १६ किलोमीटर, तीही उन्हात. जमेल का? आणि मटणाचं काय? (हा प्रश्न बायकोचा नव्हे, माझाच.)

रंकाळ्याचा वारा: मागच्या जूनमध्ये केली. साधारण १२०० मीटरवरून खाली थेट समुद्रापर्यंत, म्हणजे दमापेक्षा गुडघ्यांची परीक्षा. वाटेत झऱ्याचं पाणी मिळतं. घळ संपते त्या किनाऱ्यावरच्या आगिया रुमेली गावाला गाडीरस्ताच नाही, संध्याकाळची बोट चुकली की मुक्काम. फार उष्मा झाला तर घळ बंद ठेवतात, म्हणून एक-दोन दिवस हाताशी ठेवा. आणि बूट घाला हो! आमचा मेहुणा हौसेनं कोल्हापुरी घालून आला, निम्म्यात चपलेचा अंगठा तुटला, मग माझ्या बुटाच्या नाडीनं बांधून पुढं.

मटणाची काळजी नको. बोकडाचं त्सिगारियास्तो ऑलिव्ह तेलात मंद शिजवतात, हाडापासून आपोआप सुटतं. तिखट मात्र शून्य. मी कांदा-लसूण चटणीची पुडी काढली तर हॉटेलवाल्यानंच बोट लावून चाखली, नि ठसका लागून त्सिकुदिया ओतून घेतली. ही द्राक्षाच्या चोथ्याची दारू जेवणानंतर बऱ्याचदा फुकट येते, जपून. वाइनमध्ये पांढरी विदियानो मागा.

गूळपोळी: सप्टेंबरात जावा की, ऊन उतरतं, द्राक्षतोडणीही बघायला मिळते.

शाहूपुरीकर: सप्टेंबरात गौरी-गणपती सोडून? आई घरात घ्यायची नाही. जुलैच. चटणी किती न्यावी?

रंकाळ्याचा वारा: अर्धा किलो. हॉटेलवाल्याचा वाटा धरून.