जुनी मोटरसायकल सांभाळायची की नवी घ्यायची? खर्चाचे अनुभव लिहा

"जुनी गाडी पैसे खाते" असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय खाते ते कुणी सुटं करून सांगत नाही. माझ्या मते जुन्या गाडीच्या बिलात तीन वेगळे खर्च एकत्र कालवलेले असतात. पहिला झिजेचा: टायर, चेन, ब्रेक शू, ऑइल. हा नव्या गाडीलाही चुकत नाही. दुसरा थकबाकीचा, म्हणजे वर्षानुवर्षं टाळलेली कामं एकदम निघतात तो. एकदा भागवला की संपला. तिसरा वयाचा: कडक झालेलं रबर, सडलेली वायरिंग, न मिळणारे पार्ट. जुनेपणाच्या नावावर खरं तर एवढाच मांडायला हवा.

ज्यांनी या गाड्या उघडून पाहिल्यात त्यांनी वर आपलं टोपणनाव टाकून लिहावं. किमती जागोजागी वेगळ्या, तेव्हा पैशांचे आकडे नकोत. किलोमीटर, लिटर, मिलिमीटर आणि तास चालतील. गाडीच्या आठवणीही नकोत, कामाचं लिहा. वेगळं सांगितलं नसेल तर गाडी 100 ते 200 सीसीची, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी धरू.

फिलर गेज

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप जुळवणं. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. प्लग काढा, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) झाकणावरची टोपी उघडा, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवून टायमिंगची खूण जुळवा. खूण दोनदा जुळते. त्यातली कॉम्प्रेशनची पकडायची, तेव्हा दोन्ही रॉकर किंचित हलतात. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत तो 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असतो. गॅप मोजायची पातळ पट्टी (फिलर गेज) हलकीशी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. कामाला अर्धा-पाऊण तास पुरतो.

टकटक करणाऱ्या गाडीला लोक घाबरतात, पण जास्त धोका एकदम शांत झालेल्या गाडीला असतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये (तो टेकतो त्या कड्यात) बसत जातो तसा गॅप कमी होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता निघून जाते ती तो सीटवर टेकलेला असतानाच. गॅप संपला की तो नीट टेकत नाही, कडेने गॅस निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवा, व्हॉल्व्ह बदला, सीट कापा, लॅपिंग करा (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा). अर्ध्या तासाचं काम टाळलं म्हणून दीड दिवसाचं काम अंगावर येतं आणि नाव जुन्या गाडीचं खराब होतं. हा थकबाकीचा खर्च आहे, वयाचा नाही.

लिटरकिमी

नव्या गाडीचं ॲव्हरेज जास्त म्हणून ती घ्यावी, हा हिशेब कागदावर करून बघा. जुनी लिटरला 40 किमी देते, नवी 50. वर्षाला 6000 किमी असतील तर जुनीला 150 लिटर लागतं, नवीला 120. फरक 30 लिटर. तेवढ्या पेट्रोलच्या पैशांत नव्या गाडीचं व्याज तरी निघतं का ते आपापल्या भावाने बघा. तेच रनिंग 20,000 असेल तर 500 विरुद्ध 400, म्हणजे वर्षाला 100 लिटर. इथे विचार करायला जागा आहे.

पण आधी ते 40 खरं आहे का ते तपासा. टाकी-ते-टाकी मोजायचं: गाडी मेन स्टँडवर, पेट्रोल ठरलेल्या खुणेपर्यंत, असं सलग तीन वेळा, आणि सरासरी. कमी ॲव्हरेजची कारणं बहुधा इंजिनाबाहेर सापडतात. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. एक-दोन फेऱ्यांत थांबत असेल तर ब्रेक घासतोय, नाहीतर चेन फार ताणलीय. पुढच्या डिस्कचं पण तेच. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना कोरड्या पडल्या की एकच पॅड झिजत राहतो. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मग एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि कार्बोरेटरचा फ्लोट. 40 चं 45 झालं की वरचा 30 लिटरचा फरक 13 लिटरवर येतो.

ओरिंग

चेनबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसा इथे अर्धवट कामामुळे जातो.

"चेन सैल झाली" आणि "चेन संपली" यात फरक आहे. सैल झालेली ताणता येते, संपलेली बदलावीच लागते. ओळखायला फूटपट्टी पुरते. 428 नंबरच्या चेनची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमी. चेन खालून ताणून धरा आणि 21 पिना मोजा, म्हणजे मधले 20 गाळे. नवी असताना हे अंतर 254 मिमी भरतं. 259 झालं की चेन संपली. 520 ची पिच 15.875, तिथे 317.5 चं 323 झालं की संपली. हे तीन-चार ठिकाणी मोजा, चेन सगळीकडे सारखी वाढत नाही.

चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) असा संच एकत्रच बदलायचा. जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असतात. त्यावर नवी चेन घातली तर ती निम्मं आयुष्यही काढत नाही. साधी चेन निगा राखली तर 10 ते 15 हजार किमी जाते, ओ-रिंगवाली (पिनांवर रबरी कड्या असलेली) त्याच्या जवळपास दुप्पट. ओ-रिंगवाली रॉकेलने पुसायची. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही नको, आतलं ग्रीस धरून ठेवणारं रबर त्यानेच जातं.

ढिलाई मोजायची ती चेन जिथे सगळ्यात ताणलेली वाटते त्या जागी. मॅन्युअलमध्ये 20 ते 30 मिमी लिहिलं असेल तर मी 30 कडे झुकतो. दोन माणसं बसल्यावर मागचा आर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. घट्ट चेन स्वतः तर झिजतेच, शिवाय गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणात तेल दिसलं की सीलच्या आधी चेनचा ताण बघा.

आणि मागच्या हबमधले रबर. चाक काढलंच आहे तर स्प्रॉकेटची चौकट हाताने पुढे-मागे हलवा. खडखड वाजत असेल तर चारही रबर बदला. वस्तू किरकोळ आहे, पण झिजली की गिअर टाकताना बसणारा धक्का थेट चेनला जातो.

नवीच बरी

मला वाटतं इथे सगळे हाताने काम करणारे जमलेत, म्हणून मुद्दाम उलट बाजू. वरची सगळी कामं मजुरी देऊन करून घ्यायची असतील तर वर्षाचे तास मोजा. शिवाय गाडी कामाला पडली त्या दिवसाचा प्रवासखर्च कुणी धरत नाही. रोज 50-60 किमी जाणाऱ्याला हा खर्च पेट्रोलपेक्षा मोठा पडू शकतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, हाही विषय आहे. जुन्या गाडीत तो नंतर बसवता येत नाही. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक होण्याची किंमत बिलात मांडता येत नाही, म्हणून ती शून्य धरायची का?

मात्र नवी घेताना एक हिशेब प्रामाणिकपणे करा. खरेदीची पूर्ण रक्कम, वजा पाच वर्षांनी मिळेल ती रक्कम, भागिले पाच वर्षांचं रनिंग. हा आकडा बहुतेकांच्या बाबतीत पेट्रोलच्या किलोमीटरमागच्या खर्चाला गाठतो किंवा मागे टाकतो. रनिंग जितकं कमी, तितका तो जास्त.

दहाचा पाना

चाकाचं बेअरिंग गाडीच्या कंपनीच्या पाकिटात मागू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. 6301 म्हणजे आतून 12, बाहेरून 37, रुंदी 12 मिमी. 6202 म्हणजे 15, 35, 11. दोन्ही बाजूंनी रबर सील हवं असेल तर पुढे 2आरएस. चांगल्या बेअरिंग कंपनीचं घ्या, जगभर माप तेच. ऑइल सीलवरही तीन मापं छापलेली असतात. गाडीचं मॉडेल बंद झालं म्हणजे हे पार्ट बंद झाले असं होत नाही.

मॅग्नेट कॉइल

वयाचा खरा खर्च वायरिंगमध्ये. पण आधी व्होल्टेज मोजायचा मीटर लावा, बॅटरी नंतर बदला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला 12.6 ते 12.8 व्होल्ट हवेत. गाडी चालू करून रेस मिनिटाला 4-5 हजार फेऱ्यांवर नेली की साधारण 13.8 ते 14.8. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) गेला, तो बॅटरी उकळवतोय. तेराच्या खाली राहिलं तर वीज तयार करणारी कॉइल, रेग्युलेटर किंवा मधलं सॉकेट (वायरींचा जोड). सॉकेट आधी उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय, पिना हिरव्या झाल्यात, असं दिसलं तर अर्ध्या तासाच्या कामावर भागतं.

थ्री-फेज कॉइलच्या तीन सारख्या रंगाच्या वायरी असतात. सॉकेट सोडवून तिघींच्या तीन जोड्यांमध्ये एसी व्होल्टेज मोजा, तिन्ही आकडे सारखे हवेत. कोणत्याही वायरीचा बॉडीशी संपर्क दाखवला तर कॉइल जळलीय.

आणखी एक. लहान जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट कॉइलच्या एसीवर असतो. त्यात डीसीचा एलईडी बल्ब घातला की तो लुकलुकतो नाहीतर उडतो, आणि लोक वायरिंगला शिव्या देतात.

नव्या गाडीच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही: जुनीचा बल्ब गेला तर बल्ब बदलता. नवीच्या सीलबंद एलईडीत काही गेलं तर अख्खा हेडलॅम्प बदलता, पण तो जातो क्वचित.

हाफ इंजिन

लोक गाडी विकतात ती धूर बघून. धूर केव्हा येतो ते आधी बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड (व्हॉल्व्ह सरकतो ती नळी). रेस देताना सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. कॉम्प्रेशन मोजा: इंजिन गरम, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा-बोअर, न वाढला तर व्हॉल्व्ह. 1000 किमीत 100 मिली ऑइल कमी होणं जुन्या इंजिनाला मी चालवून घेतो. 500 जात असेल तर इंजिन उघडायचं.

बीडाचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) असेल तर तो 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी असा टप्प्याटप्प्याने बोअर करता येतो, त्या मापाचे पिस्टन मिळत असतील तोवर. बोअरिंगवाल्याकडे नुसता सिलिंडर देऊ नका, पिस्टनही द्या. तो पिस्टन मोजून भोक कापतो. होनिंगच्या (बोअर आतून घासण्याच्या) तिरक्या रेघा हव्यातच, त्यात ऑइल टिकतं. उघडलंच आहे तर टायमिंग चेन, टेन्शनर, व्हॉल्व्ह सील आणि सगळी गॅस्केटं त्याच वेळी. कनेक्टिंग रॉड वर-खाली अजिबात हलता कामा नये. बाजूला थोडा हलतो, तो हलू द्या. वर-खाली हलला तर हाफ इंजिनवर, म्हणजे क्रँक न काढता केलेल्या वरच्या कामावर, भागणार नाही, क्रँक काढावा लागेल आणि खर्च जवळपास दुप्पट धरा.

बऱ्याच नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. टिकतो भरपूर, पण साध्या बोअरिंग मशीनवर तो कापत नाहीत. ओरखडा पडला की बहुधा सिलिंडर-पिस्टनचा अख्खा संच घ्यावा लागतो. पाच वर्षांनंतरचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उभी गाडी

कमी रनिंगवाल्यांसाठी थोडं. वर्षाला 1500 किमी फिरणारी गाडी झिजत नाही, सुकते. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही होवोत. डॉट 4 दर्जाचं फ्लुइड कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरते. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक चिरा दिसल्या तर बदला. महिनाभराहून जास्त उभी ठेवायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाच्या स्क्रूने फ्लोटमधलं पेट्रोल काढून टाका. सुकलेलं पेट्रोल सगळ्यात आधी पायलट जेट (मंद रेसला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजवतं. मग गाडी चोकवर चालते आणि चोक बंद केला की मरते.

इंजेक्शनवाल्या गाडीला वेगळी काळजी. पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. सतत रिझर्व्हवर चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो.

फिलर गेज

"नवीच बरी" यांचा तासांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून माझी यादी देतो. वर्षाला 8000 किमीवर टॅपेट दोनदा, ऑइल तीनदा, कार्बोरेटर एकदा, ब्रेक साफ-ग्रीस दोनदा, चेन महिन्यातून दोनदा पुसून ऑइल. सगळे मिळून 15 ते 18 तास. ऑइल जासो एमए किंवा एमए2 (मोटरसायकलच्या ऑइलचे दर्जे) लिहिलेलंच घ्या. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या मिश्रणाने ओला (ऑइलमध्ये चालणारा) क्लच घसरू शकतो, आणि मग क्लच प्लेटांचा नाहक खर्च.

गाडी सोडायची कधी, तर फ्रेमवरून ठरवतो. स्टिअरिंगच्या नळीखालचा जोड, मागच्या आर्मचा पिव्होट आणि मेन स्टँडचे कान इथलं ग्रीस पुसून तारेच्या ब्रशने घासा. रंगाखालून तडा किंवा फुगलेला गंज निघाला तर पुढे इंजिनावर खर्च करू नका. हे सगळं इंजिन उघडायच्या आधी बघायचं. बहुतेक जण नंतर बघतात.